जरा कमी उजेडाचा दाखवा

औरंगपुऱ्यात स्कूटर लावायला जागा मिळत नाही, पण पिंजरा टांगायला मिळते. जिन्यात, गॅलरीत, इन्व्हर्टरच्या वर, देवघराच्या शेजारी, जिथं म्हणून एक खिळा ठोकता येतो तिथं कुणीतरी पक्षी टांगलेला असतो. पूर्वी तो राघू असायचा. हिरवा, लाल चोचीचा, मिरची खाऊन पाहुण्यांचा अपमान करणारा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी राघू पाळणं गुन्हा ठरवलं. ही बातमी आमच्या गल्लीतल्या आज्यांपर्यंत पोचायला बराच काळ गेला, पण पोचली. आता पिंजऱ्यांत ऑस्ट्रेलिया आहे. बाजारात ‘लव्हबर्ड’ या नावानं विकले जाणारे बजरीगर, आणि डोक्यावर तुरा, गालांवर केशरी टिकली असलेले कॉकटील. अर्थात ऑस्ट्रेलिया हे फक्त आडनाव. जन्म इथलाच, कुणाच्या तरी गच्चीवर टांगलेल्या मडक्यात. दुकानदार कॉकटीलला सरळ ‘कॉकटेल’ म्हणतात, त्यामुळे ‘संध्याकाळी कॉकटेल आणायला जायचंय’ हे वाक्य आमच्या वाड्यात दबक्या आवाजात बोलावं लागतं.

या मंडळींना मराठवाडा मानवला. पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यामुळे नळाला पाणी किती दिवसांनी येतं याचं त्यांना काही नाही. राळे आणि बाजरी तर घरचंच खाणं. मानवत नाही ती एकच गोष्ट. लाईट जाणं.

भारनियमनाच्या काळात, म्हणजे २००५ नंतरची ती काही वर्षं, निदान वेळापत्रक होतं. वर्तमानपत्रात छापून यायचं, लोक ते कापून फ्रिजवर चिकटवायचे, आणि दळण, इस्त्री, पाण्याची मोटर असं सगळं त्या हिशोबानं उरकायचे. आता भारनियमन नाही, म्हणून वेळापत्रकही नाही. मे महिन्यात दिवसभर कोंडलेलं आभाळ संध्याकाळी फुटतं, धूळ उठते, मंडईतल्या ताडपत्र्या फडफडायला लागतात, आणि पहिला थेंब पडायच्या आत लाईट गेलेली असते. त्यापुढे ती कधी येईल हे सांगायला प्रत्येक गल्लीत एक जाणकार असतो. तो खांबाकडे बघून सांगतो, ‘जंपर गेलाय, तासभर तरी नाही.’ जंपर म्हणजे काय हे त्यालाही कुणी विचारत नाही.

संध्याकाळचं एक वेळ चालून जातं. खरा प्रसंग रात्री अडीचचा.

आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर नाना राहतात. निवृत्त आहेत, म्हणजे घरातल्या सगळ्या खात्यांचे प्रमुख आहेत. त्यांच्याकडे बंड्या नावाचा कॉकटील आहे. दिवसा तो सभ्य असतो. रात्री दांडीवर एक पाय पोटात घेऊन झोपतो. गाढ झोपेतही तो दांडीवरून पडत नाही. पण तो दिवसाचा प्राणी आहे, मिट्ट काळोखात त्याला काही दिसत नाही. अशा वेळी कूलर अचानक थांबून शांतता पसरली, किंवा सांडलेले राळे वेचायला उंदीर आला, की बंड्या दचकतो, आणि कॉकटील दचकला की उडतो. कुठं उडायचं ते दिसत नसल्यामुळे सगळीकडे उडतो. भांड्यांचं फडताळ जिन्यावरून गडगडत खाली यावं तसा आवाज होतो. पंख गजांवर आपटतात, आणि नव्यानं फुटणारं एखादं पीस, ज्याच्या दांडीत अजून रक्त खेळत असतं, ते मोडलं तर पिंजऱ्यातल्या वर्तमानपत्रावर लाल थेंब दिसू लागतात. पक्षी पाळणारे याला ‘नाइट फ्राइट’ म्हणतात आणि कॉकटील यात कुप्रसिद्ध आहेत. बजरीगरही दचकतात, पण ते जोडीनं दचकत असल्यामुळे भांडणात वेळ जातो.

असा आवाज झाला की नानांच्या घरातली माणसं पाच दिशांनी चार दिवे घेऊन निघतात. मी खालच्या मजल्यावर असल्यानं मला हे आधी ऐकू येतं आणि मग ‘अहो, वर या जरा’ अशी हाक आली की बघायलाही मिळतं.

सगळ्यात आधी नातू पोचतो, कारण त्याच्या हातात मोबाईल आधीपासूनच असतो. तो टॉर्च लावतो आणि नेम धरून बंड्याच्या डोळ्यात मारतो. काळोखानं घाबरलेल्या जिवाला एकाएकी सूर्य दाखवल्यावर तो शांत होईल, असं नातवाला वाटतं. बंड्या दुसऱ्या गजावर आपटतो. ‘आजोबा, तो अजून घाबरतोय,’ असं म्हणून नातू टॉर्च आणखी जवळ नेतो.

मग नाना. त्यांच्याकडे इमर्जन्सी लाइट आहे. ती शुभ्र पांढरी आहे आणि तिला एकच बटण आहे. एकदा दाबलं की पूर्ण उजेड, दुसऱ्यांदा अर्धा, तिसऱ्यांदा ती लुकलुकू लागते आणि चौथ्यांदा बंद. म्हणजे बंद करायची तर लुकलुकीतून जावंच लागतं. ही रचना ज्यानं केली त्याच्या घरी पक्षी नसणार. पूर्ण उजेड जास्त होतोय म्हणून नाना बटण दाबतात, घाईत एकदा जास्त दाबलं जातं, आणि रात्री अडीच वाजता वाड्यात लाल दिव्याची गाडी आल्याचा भास होतो. ‘बंद करा, बंद करा’ असा ओरडा झाला की नाना पुन्हा दोनदा दाबतात. पुन्हा पूर्ण उजेड. बहुतेक वेळा मात्र ती लागतच नाही. दिवाळीत चार्ज केली होती, असं नंतर निष्पन्न होतं.

सून येते ती मेणबत्ती घेऊन. साधी नव्हे. हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेली, काचेच्या पेल्यातली, लव्हेंडरच्या वासाची. आणि आजी, म्हणजे नानांच्या आई, देवघरातलं निरांजन घेऊन येतात. ‘देवापुढचा दिवा आहे, त्यानं कधी कुणाचं वाईट होत नाही,’ असं म्हणत त्या ते पिंजऱ्याखालच्या स्टुलावर ठेवतात. काकूंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, हातात दिवा नसतो; लाईट गेल्यामुळे डास मारायचं मशीन बंद पडलेलं असतं, म्हणून त्या कॉइल लावून आलेल्या असतात, आणि तीही ठेवायला नेमकं तेच स्टूल सोयीचं पडतं.

इथं मला बोलावं लागतं, कारण हे तिन्ही प्रकार त्या पाखराच्या जिवावरचे आहेत. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत-आकसत नाहीत. त्यांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेनं वाहत राहते; श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा प्राणवायू शोषला जातो. उडायला लागणारी ताकद त्यातूनच येते. पण प्राणवायूबरोबर जे काही हवेत असेल तेही तितक्याच तत्परतेनं आत जातं. म्हणून तर ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी न्यायचे. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती युक्ती सुचवली. विषारी वायू आला की माणसाच्या आधी कॅनरी कोसळायची आणि माणसं बाहेर पळायची. १९८६ मध्ये तिथं यंत्रं आली आणि कॅनरींना कामावरून सुट्टी मिळाली. आमच्याकडे ही नोकरी अजून चालू आहे. कॉइल, कापूर, धूप, सुगंधी मेणबत्ती, संध्याकाळची उदबत्ती, गॅसवर विसरलेलं नॉनस्टिक भांडं, सगळ्याचा पहिला वास पिंजऱ्याला. यातलं नॉनस्टिक तर फार वाईट. फार तापलं की त्याच्या लेपातून निघणारी वाफ माणसाला कळायच्या आत पक्षी मरतो.

आजींना हे पटत नाही. ‘खाणीत कुठं निरांजन होतं?’ असा त्यांचा मुद्दा आहे, आणि तो पूर्णपणे चूक नाही. पण धूर बाजूला ठेवला तरी ज्योत हलते. ज्योत हलली की गजांच्या सावल्या भिंतीभर नाचतात, आणि आधीच दचकलेल्या पाखराला खोली भरून काहीतरी आपल्या अंगावर येतंय असं दिसतं. वर पिंजऱ्यात वर्तमानपत्र, वाळलेली विष्ठा, पिसं आणि टरफलं. ज्या औरंगपुऱ्यानं २९ ऑक्टोबर २०१६ ला जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाक्यांचा बाजार पेटलेला बघितला, त्याला उघड्या ज्योतीबद्दल आणखी काय सांगायचं?

नानांचा एक ठेवणीतला युक्तिवाद आहे. तिकडे दिल्ली गेटजवळ सलीम अली सरोवर. देशातल्या सगळ्यात मोठ्या पक्षितज्ज्ञाचं नाव दिलेलं. तिथले पक्षी कुठं इमर्जन्सी लाइट लावून झोपतात? खाली पैठणला जायकवाडीच्या पाण्यावर हजारोंनी पक्षी, त्यांना कोण इन्व्हर्टर देतं? ऐकायला बिनतोड वाटतं. पण उघड्या आभाळाखाली मिट्ट काळोख फार क्वचित असतो. चांदणं असतं, ताऱ्यांचा उजेड असतो, आणि दचकल्यावर उडून जायला अख्खं आभाळ असतं. पडदे ओढलेल्या, दार लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत यातलं काहीच नाही. काळोखाचा त्रास नाही, काळोख आणि गज एकत्र आले की त्रास. नाना यावर म्हणाले, ‘मग सोडून देऊ का त्याला?’ ते मात्र अजिबात करू नये. पिंजऱ्यात जन्मलेला कॉकटील औरंगपुऱ्याच्या आभाळात संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. कावळे आणि मांजरी ते बघून घेतात.

तेव्हा दिवा हवा. कसा हवा, हे ठरवून मी नानांना घेऊन बाजारात गेलो, आणि तिथं कळलं की आपल्या देशात अंधूक दिवा विकत घेणं हा वेड्यांचा उद्योग समजला जातो. विजेच्या सामानाच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ‘किती मोठा हॉल आहे?’ असा असतो. दुकानदारानं एक खोकं उघडून लाइट लावली आणि भर दुपारी आम्हा दोघांना डोळ्यांवर हात घ्यावा लागला.

‘जरा कमी उजेडाचा दाखवा,’ नाना म्हणाले.

‘कम?’ तो थबकला. ‘कम उजाला कायकू होना, काका? लोग जादा मांगते.’

‘पक्ष्यासाठी पाहिजे.’

त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे हे बरोबर आलेत, यांना विचारू. मी मान डोलावली. त्यावर त्यानं आतल्या पोऱ्याला हाक मारून गणपतीच्या आराशीतली गोल फिरणारी, सात रंग सोडणारी चकती काढायला लावली. ‘ये लगाव. बच्चे भी खुश, चिडिया भी खुश.’ ती नको म्हटल्यावर हाताच्या तळव्यावर धरला की पेटणारा इन्व्हर्टर बल्ब दाखवला. हा बल्ब विकणारा प्रत्येक दुकानदार तो स्वतःच्या हातात पेटवून दाखवतोच आणि बघणारा प्रत्येक माणूस थक्क होतोच; नानांनी तो तीनदा पेटवून घेतला. बल्ब वाईट नाही. लाईट गेली की आपोआप लागतो आणि काही तास चालतो. पण नऊ वॉटचा पांढरा उजेड पिंजऱ्याला झोपेत काय कामाचा? शेवटी एका मोबाईलच्या दुकानात, चार्जरच्या वायरींखाली, काडीएवढा यूएसबीचा दिवा मिळाला. पिवळा, एक वॉटचा. किंमत एका कांदाभजीच्या प्लेटीएवढी. दुकानदाराला तो आपल्याकडे आहे हेही ठाऊक नव्हतं.

या दिव्याचं गणित सोपं आहे. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ३७ वॉट-तास वीज मावते. त्यातली काही वाया जाते असं धरलं तरी एक वॉटचा दिवा त्यावर अख्खा दिवस सहज चालतो. अर्ध्या वॉटचा मिळाला तर आणखी चांगला, पण तिथं गंमत आहे. बऱ्याच पॉवर बँका फारच थोडी वीज ओढली जात असली की कुणी वापरत नाही असं समजून स्वतःहून बंद होतात. सरकारी कचेरीतल्या पंख्यांना हे कुणी शिकवलं तर बरं होईल. तेव्हा असा दिवा आधी रात्रभर लावून बघावा.

मुद्दा दिव्यापेक्षा तो कधी लावायचा हा आहे. आपल्या डोक्यात इमर्जन्सी लाइट म्हणजे लाईट गेल्यावर लावायचा दिवा. पक्ष्याच्या दृष्टीनं तोपर्यंत उशीर झालेला असतो. काळोख पडला, तो आपटला, पीस मोडलं, आणि मग आपण चार दिवे घेऊन उगवलो. त्याच्यासाठीचा दिवा रोज झोपतानाच लावायचा, पॉवर बँकेवरच, लाईट असली तरी. म्हणजे लाईट गेली तरी त्याच्या खोलीत काही बदलतच नाही. उजेड इतकाच, की त्याला दांडी आणि गज दिसावेत, आपल्याला पेपर वाचता येऊ नये. कारण त्याला दहा-बारा तासांची झोप लागते आणि त्या झोपेला अंधारच हवा. दिवा पिंजऱ्यात किंवा गजाला नाही लावायचा. कॉकटील वायर कुरतडतो, आणि ते तो मुद्दाम करतो. समोरच्या भिंतीकडे तोंड करून लांब ठेवला की उजेड भिंतीवरून परतून येतो. जुन्या चोकच्या, झिलमिलणाऱ्या ट्यूबपासून पक्ष्याला लांबच ठेवलेलं बरं. आपल्याला सलग वाटणाऱ्या उजेडातली फडफड पक्ष्यांच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसते.

इन्व्हर्टर असलेल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. आमच्या वाड्यात जिन्याखाली बॅटरी आणि बरोबर तिच्या वर पिंजरा, हे दृश्य मी बघितलं आहे. ‘तिथं गार असतं’ हे कारण होतं. शिशाची बॅटरी चार्ज होताना त्यातून हायड्रोजन आणि आम्लाची वाफ निघते. रस्त्यावर दुकानदारांची जनरेटरं सुरू झाली की त्यांचा धूर गॅलरीत चढतो, तेव्हा गॅलरीतला पिंजरा आत घ्यावा.

परदेशातल्या पक्षीप्रेमींनी लिहिलेलं वाचायला गेलं की एक मौज होते. तिकडे वीज गेल्यावर पहिली काळजी असते ती पक्षी गारठेल ही. पिंजऱ्यावर ब्लँकेट टाका, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा. नानांच्या नातवानं हे मोबाईलवर वाचलं आणि मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पलीकडे असताना, पंखा बंद पडलेल्या खोलीत, बंड्याच्या पिंजऱ्यावर सोलापुरी चादर घातली. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, श्वास भराभर, असं दिसलं की तो उकडतोय. आपल्याकडे चादर घालायचीच तर मागून अर्धी, सुती, पुढची बाजू मोकळी, आणि पाण्याची वाटी भरलेली.

बंड्याच्या खोलीत आता तो काडीएवढा दिवा रोज लागतो. पॉवर बँक चार्ज करायची जबाबदारी नानांनी नातवाकडे दिली, नातवानं आईकडे, आणि आता ती आजींकडे आहे. त्या रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की पॉवर बँकेची वायर लावतात. दोन्ही चुकत नाहीत.

राहिली एक गोष्ट, लाईट येण्याची. लाईट गेल्यावर घरातला प्रत्येक माणूस जाता-येता बटणं खालीवर करून बघतो. त्यामुळे लाईट येते तेव्हा कुठलं बटण चालू आणि कुठलं बंद, हे त्या घरात कुणालाही ठाऊक नसतं. पहाटे साडेतीनला एका क्षणात ट्यूब, पंखा, टीव्ही आणि मिक्सर सुरू होतात, आणि लाईट जाताना शांत राहिलेला पक्षी लाईट येताना गजांवर आपटतो. म्हणून झोपण्याआधी पिंजऱ्याच्या खोलीतली बटणं बंद करून, त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी.

आणि औरंगपुऱ्यातल्या, गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंतच्या समस्त शेजाऱ्यांना एक विनंती. लाईट आल्याबरोबर सगळी गल्ली एका सुरात ‘आऽऽली’ म्हणून ओरडते, ते रात्री अकरानंतर तरी बंद करा. लाईट आलेली ज्याची त्याला दिसते. सांगू नका.